परीक्षा परक्या देशाची, तयारी मारतहळ्ळीत

बेंगळुरूच्या पूर्व भागात, जुना विमानतळ रस्ता आणि बाह्यवळण रस्ता एकमेकांना जेथे मिळतात, तेथे मारतहळ्ळी हे उपनगर वसले आहे. कन्नडमध्ये ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे. नावातले हे खेडे आता उंच इमारती, कपड्यांची दुकाने आणि वाहनांच्या रांगा यांच्यामागे दिसेनासे झाले आहे. पश्चिमेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा परिसर आणि पूर्वेला व्हाइटफील्डमधील संगणक कंपन्यांची संकुले. मराठी माणसाचे या भागाशी नाते जुने आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने १९४० मध्ये बेंगळुरूत विमानांचा जो कारखाना उभारला, त्यातूनच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स आकाराला आली. आता येथे येणारा मराठी तरुण बहुधा संगणक क्षेत्रातला असतो. त्याच्या पाठोपाठ निवृत्त आईवडीलही मिरज, सोलापूर किंवा बेळगावहून राहावयास येतात.

अशा पुष्कळ कुटुंबांत एक अपत्य बेंगळुरूत आणि दुसरे अमेरिकेत असते. आईवडिलांचे वर्ष दोन घरांत वाटले जाते आणि एक दिवस नागरिकत्वाचा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. अशा घरांचे एक प्रातिनिधिक चित्र येथे रेखाटले आहे. त्यातील व्यक्ती कल्पित आहेत. नियम मात्र खरे आहेत.

एका टेबलावर दोन अभ्यास

मिरजेच्या एका शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या या बाई. वय अडुसष्ट. मुलगा मारतहळ्ळीत, मुलगी न्यू जर्सीत. मुलीला जुळी मुले झाली, तिच्या नोकरीची ओढाताण होऊ लागली, तेव्हा तिने आईसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज केला. २०२० च्या आरंभी ते कार्ड मिळाले. बाईंच्या यजमानांनी मात्र कार्ड घेतले नाही. ‘मला मिरज सुटेना म्हणून तर बेंगळुरूला यायला दहा वर्षे लागली. अमेरिका या जन्मी राहू दे,’ असे ते म्हणत. ते मुलाकडे राहिले आणि बाईंचे वर्ष दोन देशांत विभागले गेले.

सध्या त्या अडीच महिन्यांसाठी मारतहळ्ळीत आल्या आहेत. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला आठ वर्षांची नात शाळेतली कन्नड बाराखडी गिरवते आणि दुसऱ्या बाजूला आजी अमेरिकेची राज्यव्यवस्था पाठ करतात. प्रश्न इंग्रजीत छापलेले, समासात बाईंच्या सुवाच्य मराठीत टिपणे. शनिवारी सकाळी सूनबाई अधिकारी होतात. ‘आई, आता तुम्ही माझ्या सासूबाई नाही,’ असे बजावून त्या भराभर इंग्रजीत प्रश्न विचारतात. बाईंना इंग्रजी वाचता येते, लिहिताही येते. अडते ते ऐकण्यात. परक्या उच्चारातला प्रश्न कानावर पडून मनात उमटेपर्यंत क्षण दोन क्षण जातात आणि तेवढ्यात धीर सुटतो.

परीक्षेचे स्वरूप

अमेरिकेत नागरिकत्वाची ही परीक्षा कागदावर पर्याय निवडून द्यावयाची नसते. अधिकारी समोर बसून तोंडी प्रश्न विचारतो आणि उत्तर तोंडीच द्यावयाचे असते. २००८ पासून १०० प्रश्नांची यादी होती. त्यांतील १० पर्यंत विचारले जात व ६ बरोबर यावे लागत. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांना नवी परीक्षा लागू आहे. तिच्यात १२८ प्रश्नांची यादी असून २० पर्यंत प्रश्न विचारले जातात आणि १२ उत्तरे बरोबर यावी लागतात. बारा बरोबर आली किंवा नऊ चुकली की परीक्षा तेथेच थांबते.

हा हिशेब ऐकून बाईंच्या यजमानांनी आरामखुर्चीतून शेरा मारला, ‘म्हणजे साठ टक्के. प्रथम वर्ग मिळाल्याखेरीज नागरिकत्व नाही!’

याखेरीज इंग्रजीची चाचणी असते. तीन वाक्यांपैकी एक नीट वाचून दाखवावे लागते व तीनपैकी एक ऐकून लिहावे लागते. बोलण्याची परीक्षा मुलाखतीतच होते. एखादा भाग अनुत्तीर्ण झाला तर ६० ते ९० दिवसांच्या आत तेवढ्यापुरती दुसरी संधी मिळते. वयाची सवलत वयाबरोबर वास्तव्याशीही बांधलेली आहे. पन्नाशी ओलांडून ग्रीन कार्डावर वीस वर्षे झाली असतील, किंवा पंचावन्न ओलांडून पंधरा वर्षे, तर इंग्रजीची माफी मिळते. पासष्टी ओलांडून वीस वर्षे झाली असतील तर प्रश्नही मोजकेच, वीस प्रश्नांच्या वेगळ्या यादीतून विचारतात. बाईंची पाचच वर्षे झाली असल्याने यातली एकही सवलत त्यांना नाही.

प्रश्न अवघड म्हणावेत असे नाहीत. सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती, ध्वजावर तेरा पट्टे का, आपल्या राज्याची राजधानी कोणती, असे ते असतात. काही उत्तरे निवडणुकीनुसार बदलतात. राज्याचा गव्हर्नर कोण, याचे उत्तर मुलाखतीच्या दिवशी जे खरे असेल तेच द्यावे लागते. बाईंना यातला इतिहास आपलासा वाटतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचा प्रश्न आला की १९५९ मध्ये ते गांधीजींच्या देशात येऊन गेले होते, हे त्या नातीला सांगतात. कोलंबिया विद्यापीठाचे नाव निघाले की १९१३ मध्ये तेथे दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांची गोष्ट निघते.

नातीचे प्रश्न मात्र यादीबाहेरचे असतात. अमेरिकेच्या घटनेत २७ दुरुस्त्या झाल्या, हे आजीने पाठ म्हटल्यावर तिने विचारले, ‘आणि आपल्या?’ इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईंना क्षणभर थांबावे लागले. २०२३ सालची महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती १०६ वी होती, हे त्यांनी शोधून सांगितले आणि वहीत त्याच प्रश्नासमोर लिहूनही ठेवले. तेव्हापासून वहीत दोन रकाने झाले आहेत. डावीकडे तिकडचे उत्तर, उजवीकडे इकडचे.

इतर देशांत काय चालते

ही पद्धत अमेरिकेपुरती नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून चाचणी आहे. ४५ मिनिटांत २४ प्रश्न, त्यांपैकी १८ बरोबर यावे लागतात. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये परीक्षा सुरू केली. तेथे २० प्रश्नांत ७५ टक्के गुण लागतात आणि २०२० पासून देशाच्या मूल्यांविषयीचे पाच प्रश्न तर पाचही बरोबर यावे लागतात. जर्मनीत २००८ पासून ३३ प्रश्नांपैकी १७ बरोबर असावे लागतात. कॅनडात २० पैकी १५. मात्र तेथे ही परीक्षा १८ ते ५४ या वयोगटालाच आहे.

आणि भारतात? आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने परदेशी व्यक्तीसाठी राज्यव्यवस्थेची लेखी परीक्षा ठेवलेली नाही. देशीयकरणाने नागरिकत्व मिळवण्यासाठी दीर्घ वास्तव्य, चांगले चारित्र्य अशा अटी आहेत आणि त्यांतच एक सुंदर अट आहे. घटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखाद्या भाषेचे पुरेसे ज्ञान असावे. कोणती ते कायद्याने ठरवलेले नाही. मराठीही चालेल, कन्नडही चालेल.

देशातल्या देशात तर तीही अट नाही. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरूला येऊन राहताना बाईंच्या यजमानांना कोणी परीक्षा घेतली नाही. भारतात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास दिला आहे. तरीही ते रोज दोन नवे कन्नड शब्द शिकतात. ‘ऊट आय्ता?’ म्हणजे ‘जेवण झाले का?’ असे इमारतीच्या रखवालदाराला विचारतात. ती परीक्षा त्यांनी स्वतःहून लावून घेतली आहे.

एके काळी दारच बंद होते

आज परीक्षेची धास्ती वाटते; परंतु एके काळी भारतीयांना या परीक्षेस बसण्याचाही अधिकार नव्हता. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केलेले भगतसिंग थिंड यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये नागरिकत्वास अपात्र ठरवले. कायद्यातील ‘श्वेतवर्णीय’ या शब्दात भारतीय बसत नाहीत, असे कारण दिले गेले. या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या काही भारतीयांचे नागरिकत्वही काढून घेण्यात आले. २ जुलै १९४६ च्या कायद्याने दार उघडले, तेही वर्षाला शंभर भारतीयांपुरते. १९६५ च्या कायद्याने देशनिहाय जुने कोटे रद्द केले आणि मग डॉक्टर, अभियंते मोठ्या संख्येने जाऊ लागले.

या वाटेने गेलेल्यांत सीमाभागातील एक नाव ठळक आहे. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेत गेले, १९८८ मध्ये तेथील नागरिक झाले आणि २०२२ च्या निवडणुकीत मिशिगन राज्यातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले.

नागरिकत्व कशासाठी?

बाईंना निवडणूक लढवावयाची नाही की तेथे नोकरी करावयाची नाही. मग ग्रीन कार्ड असताना नागरिकत्वाचा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर मारतहळ्ळीतच आहे. गेल्या वर्षी त्यांच्या यजमानांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. बाईंना आता त्यांच्याजवळ सलग राहावयाचे आहे. परंतु ग्रीन कार्ड हा अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना आहे. कार्डधारक आगाऊ परवानगीवाचून वर्षभर बाहेर राहिला तर त्याने वास्तव्य सोडले, असे मानले जाऊ शकते. नागरिकत्वासाठी तर सहा महिन्यांवरची गैरहजेरीही अडचणीची ठरते आणि पाच वर्षांपैकी किमान तीस महिने प्रत्यक्ष तेथे राहिलेले असावे लागते. म्हणून गेली पाच वर्षे बाईंनी एकही भेट सहा महिन्यांवर जाऊ दिली नाही. शस्त्रक्रियेनंतरही पाचव्या महिन्यात त्यांना विमानात बसावे लागले.

नागरिक झाल्यावर हे बंधन उरत नाही. ओसीआय कार्ड घेऊन त्या भारतात हव्या तितक्या दिवस राहू शकतील आणि नातवंडांकडे केव्हाही परत जाऊ शकतील. मारतहळ्ळीत मनासारखे राहता यावे म्हणून अमेरिकेचे नागरिक व्हावयाचे, असा हा विलक्षण व्यवहार आहे. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ मध्ये २,२५,६२० आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडले. या आकड्यांकडे पाहून मायदेश विसरल्याचा निष्कर्ष चटकन काढला जातो. त्यांत बाईंसारखे परतीची वाट मोकळी करून घेणारेही असतात.

जमा आणि खर्च

प्रत्येक व्यवहाराला दुसरी बाजू असते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारताच, १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. अमेरिकेत नागरिकत्व मिळते ते परीक्षा उत्तीर्ण होताना नव्हे, तर शपथ घेताना. आणि त्या शपथेत अन्य देशाविषयीची निष्ठा सोडत असल्याचे शब्द उच्चारावे लागतात.

ओसीआय कार्डाच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. जानेवारी २००६ मध्ये हैदराबाद येथील प्रवासी भारतीय दिवसाच्या सोहळ्यात ही कार्डे प्रथम देण्यात आली. त्यामुळे आयुष्यभराचा व्हिसा मिळतो आणि आर्थिक व्यवहारांत अनेक बाबतींत अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने वागणूक मिळते. मतदानाचा हक्क मात्र मिळत नाही, घटनात्मक पद भूषवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

यांतील मतदानाचा हक्क बाईंच्या मनाला लागून राहिला आहे. त्या वयात आल्या तेव्हा मतदानाचे वय २१ होते. ते १९८९ मध्ये १८ झाले. १९८० मध्ये त्यांनी पहिले मत दिले. शिक्षिका म्हणून निवडणुकीच्या कामावर किती खेड्यांत रात्री काढल्या, किती बोटांना शाई लावली, याची गणती नाही. ती शाई १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यात तयार होते, हे त्यांना मारतहळ्ळीत आल्यावर कळले. त्यांनी शेवटचे मत ऑक्टोबर २०१९ मध्ये मिरजेत दिले. शपथ घेतल्यावर मतदार यादीतून नाव वगळण्यासाठी नमुना ७ भरावयाचा आहे. तो कोरा नमुना त्यांनी वहीत ठेवला आहे.

ग्राहकांनी हे ध्यानात ठेवावे

परीक्षेची तयारी करताना पुष्कळजण प्रश्नोत्तरांत गुंततात आणि भारतातील कागदपत्रांचा विचार शपथ झाल्यावर करतात. तो क्रम उलटा असावा.

१. नागरिकत्व मिळाल्यानंतर भारतीय पारपत्रावर प्रवास करू नये. ते भारतीय वकिलातीमार्फत जमा करून तसे प्रमाणपत्र घ्यावे. रद्द केल्याची खूण करून जुने पारपत्र परत मिळते. ते जपून ठेवावे.

२. शपथ आणि ओसीआय कार्ड यांच्यामध्ये काही काळ जातो. तोवर भारतात यावयाचे तर परदेशी नागरिकाप्रमाणे व्हिसा लागतो. घरी कोणी आजारी असेल तर या कालावधीचा विचार आधी करावा.

३. बँक खात्याचा प्रकार पारपत्रावर ठरत नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार तो वास्तव्यावर ठरतो. म्हणून परदेशी स्थायिक होतानाच निवासी बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे. नागरिकत्वाची वाट पाहू नये.

४. भारतातील भाडे, व्याज, निवृत्तिवेतन एनआरओ खात्यात जमा होते. योग्य तो कर भरून त्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. परदेशातून आणलेला पैसा एनआरई खात्यात ठेवल्यास तो मुक्तपणे परत नेता येतो.

५. एनआरई खात्यावरील व्याज भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेत ते उत्पन्नात धरले जाते. तसेच अमेरिकेबाहेरील सर्व खात्यांतील एकत्रित रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर तिचे विवरण तेथे द्यावे लागते. हा नियम ग्रीन कार्डधारकांनाही लागू आहे.

६. नागरिकत्व बदलल्यावर नवे पारपत्र, ओसीआय कार्ड, परदेशातील पत्ता आणि कर-निवासाचे घोषणापत्र शाखेत द्यावे. त्याच वेळी नामनिर्देशनही तपासावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यांना चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते.

७. आधीपासून मालकीची वा वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते. विकावयाची असल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते.

यादीबाहेरचा प्रश्न

बाईंची परतीची तारीख जवळ आली आहे. मुलाखत न्यू जर्सीत व्हावयाची आहे. सूनबाईंनी घेतलेल्या गेल्या शनिवारच्या सरावात बारा उत्तरे पंधराव्या प्रश्नालाच पूर्ण झाली. यजमानांनी टाळ्या वाजवल्या, मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

वही बॅगेत ठेवताना बाईंनी शेवटचे पान उलटले. १२८ व्या प्रश्नाखाली नातीने पेन्सिलीने १२९ वा प्रश्न लिहून ठेवला होता : ‘आजी, परत कधी येणार?’ गेली पाच वर्षे या प्रश्नाचे उत्तर कॅलेंडर पाहून, महिने मोजून द्यावे लागत होते. डाव्या रकान्यात बाईंनी काही लिहिले नाही. उजव्या रकान्यात लिहिले, ‘कार्ड हाती आले की, राहायला.’